वाळू ठरवते

रात्री दोन वाजता मी वाळूत पुरलेली तार चाचपते.
तारेच्या दुसऱ्या टोकाला, कोपरभर खोल,
ब्याऐंशी अंडी.
मोजली होती मीच,
कासवीण डोळ्यांतून चिकट पाणी गाळत होती तेव्हा.
ते रडणं नसतं, अंगातलं मीठ टाकणं असतं.
पण हे आमच्या गावात कुणी मान्य करत नाही.

एकतीस पूर्णांक चार.
वहीत लिहिते.
बॅटरीवर लाल कागद बांधलाय,
कारण पांढऱ्या उजेडाने पिल्लं फसतात,
हॉटेलाच्या दिव्यांना समुद्र समजून
उलट्या दिशेला चालू लागतात.

अंड्यात सुरुवातीला कुणीच नसतं,
ना मुलगा ना मुलगी.
आईबापाच्या हातात नसतं ते.
वाळू ठरवते.
एकोणतिसाच्या खाली राहिली तर मुलगे,
वर चढली तर मुली,
आणखी चढली तर उकडलेलं अंडं.
मधले वीस दिवस काय ते महत्त्वाचे,
इव्हानिल्डा म्हणते. ती प्रायाला शिकली,
तिच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे आणि चप्पल एकच.
गेल्या हंगामात मेलेली पिल्लं तिने तपासली
आणि रात्री जेवली नाही.
सगळ्या मुली, झुल्मिरा. सगळ्या.

माझ्या लहानपणी सप्टेंबरात पहाटे चादर ओढावी लागे.
आता वाळू रात्रीही
चूल विझल्यावरच्या तव्यासारखी.

आमच्या गावात सत्तावीस घरं.
पुरुष म्हणाल तर न्यो सिल्व्हेरियू, त्याला दिसत नाही,
दोन शाळकरी पोरं,
आणि पाद्री, तो महिन्यातून एकदा येतो जीपमधून.
बाकीचे रॉटरडॅमला, लिस्बनला,
कुणी अमेरिकेत मासे डब्यात भरायला.
त्यांनाही कुणी जा म्हटलं नव्हतं.
मका उगवला नाही.
बकऱ्यांनी काटे खाल्ले, मग काटे संपले,
मग त्यांनी दोरीवरचं धुणं खाल्लं.

आर्मिंदु निघाला त्या आठवड्यात
वाळवंटाकडून एवढी धूळ आली
की तीन दिवस विमान उतरलं नाही.
मला वाटलं, राहतोय.
चौथ्या दिवशी उतरलं.

सावली करा, इव्हानिल्डा म्हणाली.
खजुराच्या झावळ्या पुरल्या नाहीत, तीनच ओळी झाकल्या.
चौथ्या ओळीसाठी मी खाटेखालून
आर्मिंदुच्या होडीचं शीड काढलं.
सोळा वर्षांची घडी. उलगडताना
आतून एक झुरळ निघालं आणि डांबराचा वास,
बाकी काही नाही.

जुजा कमरेवर हात ठेवून हसली.
बायका मुलासाठी मेणबत्त्या लावतात,
ही बाई शीड घालते!
हस म्हटलं. दुसरं टोक धर.

अठ्ठावीस पूर्णांक सात.
अठ्ठावीस पूर्णांक नऊ.
एका दुपारी तीस, त्या दिवशी मी बादली आणली
आणि पिण्याचं पाणी वाळूवर ओतलं,
कुणाला सांगितलं नाही. जुजाला तर नाहीच.

काल चौथी ओळ फुटली.
आधी वाळू खचली बोटभर,
मग एक काळं नाक, मग सगळा गोंधळ,
एकमेकांच्या डोक्यावर पाय देत.
तोंड बघून कळत नाही कोण मुलगा.
इव्हानिल्डाला विचारलं, तीही नाही म्हणाली,
जिवंत आहे तोवर नाही.

मुली वीस-पंचवीस वर्षांनी परततात,
याच किनाऱ्याला, कधी कधी याच ढिगाऱ्याशी.
मुलगे एकदा पाण्यात गेले
की पुन्हा जमिनीला पाय लावत नाहीत.
हे मला शीड घातल्यावर कळलं.
आधी कळलं असतं
तरी घातलं असतं, बहुतेक.

एक पिल्लू मागे राहिलं होतं, खेकड्याच्या बिळाशी.
मी उचललं नाही, उचलायचं नसतं,
फक्त बिळावर टाच ठेवली
आणि उभी राहिले लाट येईपर्यंत.

शीडाला मधोमध फाट पडलीय.
पाचवी ओळ अजून सोळा दिवसांची आहे.
जाड सुई जुजाकडे असते.